एकच ग्रिल, दोन कामं: तीनशे डॉलरमध्ये स्मोकिंगही आणि ग्रिलिंगही

नवीन मोबाइल घेताना आपण सगळे काय करतो? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती, रॅम किती, हे सगळं एकाखाली एक मांडतो आणि ज्याची यादी लांब तो फोन घेतो. मी ग्रिल घेतानाही हेच केलं आणि फसलो. ती चूक तुम्ही करू नये, म्हणून हा लेख.

मी डॅलसजवळ दोन मित्रांसोबत भाड्याच्या घरात राहतो. मागे छोटंसं अंगण आहे. टेक्सासमध्ये आलात की शेजारच्या अंगणातून लाकडाच्या धुराचा आणि भाजलेल्या मांसाचा वास येणारच, आणि मग आपल्यालाही वाटणारच की आपल्याकडे एक ग्रिल हवं. मी जुन्या बाजारातून नव्वद डॉलरला एक आडवं, बाजूला वेगळी भट्टी असलेलं स्मोकर आणलं. दिसायला एकदम रेल्वे इंजिन! पण पत्रा पातळ आणि झाकणाच्या फटीतून धूर बाहेर. दर वीस-पंचवीस मिनिटांनी लाकूड घालत बसायचं. पहिल्याच रविवारी आठ जणांना जेवायला बोलावलं. झाकणावरचा काटा ३०० फॅरेनहाइट दाखवत होता, चिकन बाहेरून काळं झालं होतं, पण कापल्यावर हाडाजवळ चक्क कच्चं. त्या रात्री सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला. दोन महिन्यांनी ते इंजिन भंगारात गेलं.

त्यातच आई-बाबा सहा आठवड्यांसाठी येणार असं ठरलं. विमानाची तिकिटं काढून झाल्यावर हातात उरले तीनशे डॉलर. बाबा चिकन आवडीने खातात, आई पूर्ण शाकाहारी. म्हणजे एकाच ग्रिलवर वांगं, मक्याचं कणीस आणि पनीर झटपट भाजता यायला हवं, आणि चिकनला तास-दीड तास धूरही देता यायला हवा. दुसऱ्यांदा चुकायला पैसे नव्हते.

ग्रिलिंग आणि स्मोकिंगमध्ये नेमका फरक काय?

ग्रिलिंग म्हणजे निखाऱ्यांच्या बरोबर वर, ४५० ते ५०० फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाला पदार्थ पटकन भाजणं. सेल्सिअसमध्ये सांगायचं तर साधारण २३० ते २६०. आपण गॅसवर वांगं भाजतो ना, तसंच.

स्मोकिंग म्हणजे आच बाजूला, झाकण बंद, तापमान २२५ ते २७५ फॅरेनहाइट (१०७ ते १३५ सेल्सिअस) आणि वेळ भरपूर. डुकराचा खांदा किंवा गायीच्या छातीचा भाग यांसारख्या मांसात कोलॅजन खूप असतं. ते मंद आचेवर हळूहळू विरघळून मऊ होतं, म्हणून आठ-दहा तास लागतात. चिकनला इतका वेळ लागत नाही. लाकूड धुमसताना त्यातलं लिग्निन फुटतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी संयुगं धुरात येतात. तो खास वास आणि चव त्यांचीच. पनीरच्या भाजीत आपण वाटीत पेटता कोळसा ठेवतो, वर तूप सोडतो आणि झाकण लावून धुरी देतो. तोच प्रकार, फक्त वेळ लांबवलेला.

आता नीट बघा. दोन्ही कामांत आग तीच आहे. बदलतात फक्त दोन गोष्टी: आग पदार्थापासून किती लांब आहे आणि आगीला हवा किती मिळतेय. म्हणजे दोन्ही कामं करणाऱ्या ग्रिलमध्ये तीन गोष्टी हव्यात: घट्ट बसणारं झाकण, खाली-वर उघडझाप करता येणाऱ्या हवेच्या झडपा आणि निखारे एका बाजूला सारता येतील एवढी जागा. बाकीचं सगळं नंतर.

बाजारात काय काय मिळतं?

१) गॅस ग्रिल: बटण फिरवलं की सुरू. रोजच्या भाजण्यासाठी मस्त. पण जळालेला वायू बाहेर जावा म्हणून मागच्या बाजूला मुद्दाम फट ठेवलेली असते. त्यामुळे धूर टिकत नाही आणि स्वस्त मॉडेलमध्ये आच फार खाली आणता येत नाही. लाकडाच्या चिपा डबीत घालून थोडा धूर मिळतो, पण थोडाच.

२) पेलेट ग्रिल: आपल्या साइटच्या वाचकांना हे सगळ्यात आवडेल! लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या एका टाकीत भरायच्या. मोटरवर फिरणारा स्क्रू त्या गोळ्या हळूहळू भट्टीत ढकलतो, तापलेली कांडी त्या पेटवते, पंखा हवा देतो आणि कंट्रोलर तापमान बघून स्क्रूचा वेग बदलतो. वाय-फायवाल्या मॉडेलमध्ये हे सगळं फोनवर दिसतं. स्मोकिंग अगदी सोपं. पण वीज लागते, गोळ्या ओल्या झाल्या की फुगून स्क्रू अडकतो आणि बऱ्याच मॉडेलची आच ४५०-५०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे जाळीचे खमंग काळे डाग हवे तसे येत नाहीत. चांगलं मॉडेल माझ्या बजेटच्या बरंच बाहेर होतं.

३) कामाडो: जाड सिरॅमिकचं, अंड्याच्या आकाराचं. आपल्या तंदूरचा चुलतभाऊच म्हणा. उष्णता जबरदस्त धरून ठेवतं, दोन्ही कामं उत्तम करतं. पण जड, पडलं तर फुटणारं आणि महाग. शिवाय एकदा तापलं की लवकर थंड होत नाही.

४) उभं बुलेट स्मोकर: स्मोकिंगसाठी कमी पैशात फार चांगलं. ग्रिलिंग जमतं, पण ओढूनताणून.

५) बाजूच्या भट्टीचं आडवं स्मोकर: जाड लोखंडाचं असेल तर राजा. स्वस्त आणि पातळ असेल तर माझं इंजिन.

६) केटल, म्हणजे गोल कोळशाचं ग्रिल: हे मी घेतलं.

केटलच का?

याची गोष्ट छान आहे. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करायचे. तिथे पाण्यात तरंगणारे धातूचे बोये बनत. उघड्या ग्रिलवर वारा आणि राख यांनी वैतागलेल्या स्टीफननी बोयाचा अर्धा गोल घेतला, त्याला पाय लावले, वर झाकण बसवलं आणि हवेसाठी भोकं पाडली. आजही रचना तीच: खाली झडप, वर झडप, मध्ये निखारे. सर्किट नाही, मोटर नाही, अपडेट नाही.

मी २२ इंच व्यासाचं घेतलं, दोनशेच्या थोडं वर पडलं. १८ इंची स्वस्त होतं, पण त्यात निखारे एका बाजूला घेतले की पदार्थाला जागाच उरत नाही. दोन्ही कामं करायची असतील तर इथे पैसे वाचवू नका. वीसेक डॉलरची चिमणी घेतली. चिमणी म्हणजे कोळसा पेटवायचं लोखंडी नळकांडं. खाली कागद पेटवायचा, वर कोळसा, वीस मिनिटांत निखारे तयार. रॉकेलसारखं द्रव ओतावं लागत नाही, म्हणून त्याचा वासही जेवणाला लागत नाही.

आणि उरलेल्यातले चाळीसेक डॉलर गेले दोन सळ्यांच्या ब्लूटूथ थर्मामीटरवर. माझ्या मते सगळ्या खरेदीतली ही सर्वात महत्त्वाची वस्तू.

थर्मामीटर इतका महत्त्वाचा का?

कारण झाकणावरचा काटा झाकणाजवळची हवा मोजतो, जाळीवरची नाही, आणि चिकनच्या आतलं तर नाहीच नाही. माझा पहिला रविवार तिथेच फसला होता. आता एक सळी जाळीवर क्लिपने अडकवतो, दुसरी मांसाच्या सर्वात जाड भागात, हाडाला न टेकवता. फोनवर दोन्ही आकडे दिसतात. चिकन आतून १६५ फॅरेनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की अलार्म वाजतो. त्याआधी ताटात वाढायचं नाही, रंग कितीही छान दिसो.

नवीन थर्मामीटर आणलं की आधी तपासा. ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि सळी बुडवा. ३२ फॅरेनहाइट, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या आसपास आकडा आला पाहिजे. चार-पाच अंश चुकत असेल तर परत करा.

थर्मामीटर असला की आणखी एक गोंधळ टळतो. मोठा मांसाचा तुकडा १५० ते १७० फॅरेनहाइटच्या दरम्यान कुठेतरी आला की आकडा तासन्‌तास हलतच नाही. माझ्या मित्राला वाटलं ॲप हँग झालं. तसं नसतं. मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, जसं माठातलं पाणी गार राहतं. थांबा, कोळसा वाढवू नका. आकडा आपोआप पुढे सरकतो.

एकाच केटलमध्ये दोन्ही कसं करायचं?

ग्रिलिंगसाठी: पेटलेले निखारे अर्ध्या भागात ओता, अर्धा रिकामा ठेवा, दोन्ही झडपा उघड्या. निखाऱ्यांवर भाजा, जळायला लागलं की रिकाम्या बाजूला सरकवा.

स्मोकिंगसाठी: न पेटलेल्या कोळशाच्या वड्या कडेने सापासारख्या रचा, दोन शेजारी आणि त्यांच्यावर दोन, साधारण अर्धं वर्तुळ. वर ओक, हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तीन-चार तुकडे. एका टोकाला आठ-दहा पेटलेले निखारे ठेवा. आग हळूहळू पुढे सरकत जाते आणि कित्येक तास चालते. पदार्थ रिकाम्या भागात, वरची झडप त्याच्या डोक्यावर, म्हणजे धूर त्याच्यावरूनच बाहेर पडतो. तापमान खालच्या झडपेने सांभाळा. एकदम बंद नाही, बोटभर इकडे-तिकडे, आणि मग दहा मिनिटं वाट बघा. पांढरा दाट धूर येत असेल तर मांस ठेवू नका, कडू लागतं. धूर विरळ, निळसर झाला की ठेवा. चीडसारखं डिंकाचं किंवा रंग लावलेलं लाकूड अजिबात नको.

काम झालं की दोन्ही झडपा बंद. आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. बजेटमध्ये हेही धरा!

दोन गोष्टी विसरू नका

कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. घरात, गॅरेजमध्ये, बंद गॅलरीत कोळशाचं ग्रिल कधीच पेटवू नका. पाऊस आला तरी नाही, निखारे विझत आलेत असं वाटलं तरी नाही. दुसरं, अमेरिकेत अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर खरेदीआधी भाडेकरार वाचा. अनेक ठिकाणी लाकडी इमारतीपासून दहा फुटांच्या आत कोळसा पेटवायला बंदी असते. महाराष्ट्रात गच्चीसाठी घेणार असाल तरी कसोटी तीच: झाकण आणि दोन झडपा आहेत का? उघडी शेगडी भाजेल, पण धूर धरणार नाही.

शेवटी काय झालं?

आई-बाबा आल्यावर पहिल्या शनिवारी ग्रिल पेटवलं. आईसाठी वेगळी जाळी घेतली होती. आधी तिचं वांगं आणि कणसं, झाकण उघडं, सरळ निखाऱ्यांवर. मग जाळी बदलली, निखारे बाजूला सारले, लाकडाचा तुकडा टाकला आणि चिकनवर झाकण ठेवलं. बाबा अलिबागकडचे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अरे, ही तर पोपटीच! जाळ बाहेर, झाकण बंद, आणि आत डोकवायचं नाही."

सव्वा तासाने फोन वाजला. १६५. तरी मी पाय कापून हाडाजवळ बघितलं, पहिल्या रविवारची भीती गेली नव्हती ना! आतून व्यवस्थित शिजलं होतं. आईने भरीत खाल्लं आणि विचारलं, "हे केवढ्याला पडलं?" मी आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात रुपयांत हिशोब केला, चेहरा थोडा बदलला, आणि मग म्हणाली, "उद्या परत कर भरीत."

तर मित्रांनो, ग्रिल घ्यायला जाल तेव्हा आधी झाकण लावून बघा, झडपा फिरवून बघा आणि थर्मामीटरचे पैसे बाजूला काढूनच उरलेल्या पैशांत ग्रिल निवडा.