बर्फावर पाय ठेवण्यापूर्वी

पनवेलच्या आभाळातून पाऊस धो धो पडतो, बर्फ काही पडत नाही. तेव्हा 'बायकांनी स्की कशी निवडावी' हा विषय ऐकून काहींना हसू येईल. पण हिवाळ्यात गुलमर्ग, औली, मनालीला निघणाऱ्या सहलींत आता आपल्याकडच्या मुली असतात, शिक्षिका असतात, चाळिशी-पन्नाशीतल्या गृहिणीही असतात. २०१८ मध्ये मनालीजवळच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

आपलं पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होतं. चाक निवडायचं तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात: गाडीत ओझं किती आणि रस्ता कसा. स्कीचंही तसंच आहे.

आधी रस्ता पाहू. स्कीलाही कंबर असते, म्हणजे मधला अरुंद भाग. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर अरुंद कंबरेची स्की चटकन वळते. भुसभुशीत, खोल बर्फात ती रुतते. तिथे रुंद स्की तरंगते. या दोन्हींच्या मधली, सगळ्या प्रकारच्या उतारांवर चालणारी स्की म्हणजे 'ऑल माउंटन'. तिची कंबर साधारण ८० ते १०० मिलिमीटर असते. शिकाऊ बाईने ८०च्या जवळपास राहावं. गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या बाजूला ताजा, खोल बर्फ असतो. तिथे सरावलेल्या बाईला ९०च्या पुढची स्की सोयीची पडते. उभी केल्यावर स्की हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान यावी. नवशिकीने आखूड घ्यावी, सरावलेलीने लांब.

आता ओझं. गुलाबी रंग आणि वर दोन फुलं काढली म्हणजे स्की बायकांची होत नाही. बायकांसाठी म्हणून खरोखर बनवलेली स्की वजनाला हलकी आणि थोडी लवचीक असते, कारण कमी वजनाच्या माणसाला ताठ स्की वाकवता येत नाही, आणि जी वाकत नाही ती वळतही नाही. अर्थात, अंगाने भक्कम आणि खेळात तरबेज असलेल्या बाईने पुरुषांची स्की वापरली तरी बिघडत नाही.

पण खरा जीव आहे तो बाइंडिंगमध्ये. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या याल्मार ह्वाम नावाच्या खेळाडूचा पाय १९३७ मध्ये स्कीइंग करताना मोडला. पडल्यावर आपोआप सुटेल अशा बाइंडिंगची कल्पना त्याला रुग्णालयात पडल्यापडल्या सुचली, असं सांगतात. पुढे अशी बाइंडिंग सर्रास आली आणि नडगीची हाडं मोडण्याचं प्रमाण पुष्कळ घटलं. गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधांना मात्र तेवढं संरक्षण मिळालेलं नाही, आणि ही दुखापत बायकांमध्ये जास्त आढळते. म्हणून सावधगिरी हवीच.

किती जोर आला की बाइंडिंगने सुटायचं, याचा आकडा तिच्यावरच्या छोट्या खिडकीत दिसतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून तक्त्यावरून ठरतो. पन्नाशीनंतर तो एक पायरी खाली आणतात. आता असं समजा, भाड्याची स्की सकाळी ऐंशी किलोच्या गृहस्थांनी वापरली आणि दुपारी तीच पन्नास किलोच्या मुलीला दिली. आकडा तसाच राहिला तर ती पडेल तेव्हा स्की सुटणार नाही. पीळ बसेल तो पायाला. म्हणून स्की घेताना स्पष्ट विचारा: "आकडा माझ्यासाठी बदलला का?" तो जाणकाराकडूनच बसवून घ्यावा.

इथे वजन आणि वय, दोन्ही खरं सांगायचं! वजन कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी सुटेल. कौशल्य वाढवून सांगितलं तर सुटायची तेव्हा सुटणार नाही.

बूट आणि बाइंडिंग यांची जोडीही जमली पाहिजे. काही बुटांचे तळ सपाट, कडक असतात. काहींचे चालायला सोपे जावेत म्हणून वक्र आणि रबरी. त्यांना 'ग्रिपवॉक' म्हणतात. जुन्या, फक्त सपाट तळासाठी केलेल्या बाइंडिंगमध्ये ग्रिपवॉक बूट चालत नाही. बूट आत बसला म्हणजे जोडी जमली, असं नव्हे. तो नीट सुटलाही पाहिजे. सुटलेली स्की घसरत जाऊन दुसऱ्याला लागू नये म्हणून बाइंडिंगला ब्रेकचे दोन दांडे असतात. त्यांच्यामधलं अंतर स्कीच्या कंबरेपेक्षा थोडंसंच जास्त असावं. फार झालं तर दांडे बर्फात अडकतात.

पैसे मोजकेच असतील तर आधी पायाला नेमका बसणारा बूट घ्यावा. स्की भाड्याने मिळते. आणि प्रत्येक वेळी बूट अडकवण्यापूर्वी तळाला चिकटलेला बर्फ झटकून टाकावा. दोन क्षणांचं काम आहे, पण तेवढ्या बर्फानेही चांगली बाइंडिंग ऐन वेळी अडून बसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)