दिल्लीची थंडी, मधुमेह आणि आपले पाय

जानेवारीतली गोष्ट. मयूर विहारमधल्या आमच्या शेजारच्या काकूंनी रात्री पाय शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली आणि तिच्यावर पाय ठेवूनच त्या झोपी गेल्या. सकाळी मोजे काढले, तर डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड! ‘‘अगं, पण मला काहीच कसं कळलं नाही?’’ असं त्या पुन:पुन्हा विचारत होत्या. खरी काळजीची गोष्ट हीच होती. बारा वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होत गेली होती आणि त्याचा पत्ताच लागला नव्हता. फोड फुटला, जखम चिघळली, ती भरून यायला अडीच महिने लागले. पाय वाचला, एवढंच.

काकू तशा पथ्याच्या पक्क्या. चहा बिनसाखरेचा, गोळ्या वेळेवर. पण दिल्लीची थंडी दिवसाची सगळी घडीच विस्कटून टाकते. दिवाळीपासून होळीपर्यंत माणूस रजईत शिरतो, खाणं वाढतं, चालणं थांबतं. त्या काळातच साखर हाताबाहेर जाते.

हा आजार आता घरोघरचा झाला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. प्रौढांमधलं प्रमाण देशात ११.४ टक्के, दिल्लीत १७.८ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के.

‘मी तर बारीक आहे, मला कशाला होईल?’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं एक उदाहरण. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात दडून बसते. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही घरात हवी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी.

पहाटेचं फिरणं इथे नको

लहानपणापासून आपण ऐकत आलो की फिरावं ते पहाटे. सातारा-नाशिकला ते ठीक. दिल्लीत डिसेंबरच्या पहाटे धुरकं जमिनीलगत साचलेलं असतं. ऊन चढल्यावर हवा जरा मोकळी होते. शिवाय दिल्ली आणि चेन्नईत झालेल्या एका दीर्घ अभ्यासात हवेतल्या सूक्ष्म धुळीचा आणि वाढत्या साखरेचा संबंधही दिसून आला आहे. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर उन्हात पंधरा मिनिटं चालावं. जेवणानंतर चालल्याने साखर एकदम चढत नाही. हवा फारच वाईट असेल, तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. बघणारे हसतील, हसू द्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर ती लगेच तोंडात टाकायची.

खाण्याच्या बाबतीत मात्र हा मोसम दिल्लीकरांवर मेहरबान असतो. मेथी, पालक, मुळा यांचे ढीग लागतात. इथला भाजीवाला ज्याला बथुआ म्हणतो तो म्हणजे आपला चाकवत. कित्येक मराठी घरांत हे वर्षानुवर्षं कळतच नाही! ताकातला चाकवत, मुगाचं वरण आणि एक भाकरी, हे जेवण कोणत्याही महागड्या ‘शुगर-फ्री’ डब्यापेक्षा चांगलं. पण भाकरीही एकच. बाजरीची आहे म्हणून चार खाल्ल्या, तर साखर वाढणारच. गजक आणि रेवडी ‘गुळाची आहे’ म्हणून चालते, हाही गैरसमज. रक्ताला गूळ काय नि साखर काय, सारखीच. आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी? तो निव्वळ पिष्ट पदार्थ. मधुमेह्याने उपवास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. स्वत:च्या मनाने गोळी बंद करू नये.

रात्रीची दोन मिनिटं

चेहरा आपण दिवसातून दहादा आरशात बघतो, तळपाय कधी बघतो? झोपण्यापूर्वी उजेडात दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या तपासा. वाकता येत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मुलाला बघायला सांगा. भेग, फोड, लाली दिसली की घरगुती लेप न लावता डॉक्टरांकडे जा. हीटरसमोर पाय पसरून बसणं, गरम पाण्यात पाय बुडवणं, पिशवीने शेकणं बंद. ऊब हवी तर सैल लोकरी मोजे घाला. घरातही सपाता वापरा. वर्षातून एकदा पायांची संवेदना, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

काकूंच्या आंघोळीचं पाणी आता त्यांची सून आधी हात घालून बघते. रबरी पिशवी माळ्यावर गेली. मध्यंतरी काकूंनी ती एकदा मागितली होती. सुनेने लोकरी मोज्यांचा नवा जोड आणून दिला.