गाडी कुठे लावायची आणि दाद कुठे मागायची?

किल्लारीहून लातूर सुमारे ४० किलोमीटर. बारावीनंतर या पट्ट्यातली मुले-मुली औशाला, लातूरला आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी नांदेडपर्यंत जातात. एसटीचा पास विद्यार्थ्याला परवडतो. मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून तो मोफत मिळतो. पण सकाळचे प्रॅक्टिकल, संध्याकाळची शिकवणी आणि मधल्या वेळी शेतात लागणारा हातभार यांचा मेळ एसटीच्या वेळांशी बसत नाही, तेव्हा घरच्यांनी हप्त्यावर घेतलेली दुचाकी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहते. तिथून प्रश्न सुरू होतात. गाडी लावायची कुठे? आत सोडायचे कोणाला? चुकीच्या जागी लावली तर दंड किती आणि तो कोण घेणार? आणि दंडच चुकीचा असेल तर सांगायचे कोणाला?

या चार प्रश्नांवर पार्किंगची व्यवस्था उभी असते: जागा, परवाना, दंड आणि दाद. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांत पहिल्या तिन्हींसाठी फलक, स्टिकर, वॉचमन, साखळी असे काही ना काही असते. चौथ्यासाठी काही केलेले क्वचितच दिसते. या लेखाचा रोख त्या चौथ्या भागावर आहे. मात्र तिथे पोचण्यासाठी आधीचे तीन नीट समजून घ्यावे लागतात.

जागा

महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. इमारत बांधताना पार्किंगला किती जागा सोडायची, हे तिच्यात ठरवून दिलेले आहे. एका मोटारीला २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरली जाते, दुचाकीला १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब. म्हणजे एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर लागतात आणि तेवढ्यात सहा दुचाक्या मावतात. गाडी वळवायची वाट त्याशिवाय वेगळी.

किल्लारीच्या माणसाला या मापांचा अर्थ अधिक नेमका कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे जमीनधारणेनुसार तीन मापांत दिली गेली. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंतच्यांना ४५०, त्याहून मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. त्यातले सर्वांत लहान घर सुमारे २३ चौरस मीटर भरते. दोन मोटारी उभ्या करायला २५ चौरस मीटर लागतात. ज्या मापात एका कुटुंबाचा संसार बसवला गेला, त्याहून अधिक जमीन दोन मोटारी कॉलेजच्या आवारात दिवसभर अडवून ठेवतात. जमिनीची ही किंमत डोळ्यांपुढे असेल, तर पार्किंग ही किरकोळ बाब आहे असे कोणी म्हणणार नाही.

पुनर्वसनाच्या त्या निकषात आणखी एक गोष्ट आहे. ज्याची जमीन जास्त त्याला घर मोठे, हे न्याय्य होते का, यावर वाद घालता येतो. तो घालता येतो, कारण निकष लिहिलेला होता आणि सर्वांना माहीत होता. न लिहिलेल्या निकषावर कोणाला बोट ठेवता येत नाही. तिथे ओळखच चालते.

जागा फुकट वाटली की तिची किंमत दुसरा कोणीतरी भरतो, ही गोष्ट अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर मांडली. फुकट पार्किंगच्या छुप्या खर्चावरचे त्यांचे मोठे पुस्तक २००५ साली आले. आपल्या आवारात ही किंमत पायी येणारे आणि एसटीने येणारे विद्यार्थी भरतात. वाहनांनी अडवलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी मैदान, झाडे किंवा बसायला सावली होऊ शकली असती.

परवाना

परवान्याचे काम म्हणजे कमी जागेत कोणाला आधी घ्यायचे हे ठरवणे. प्रत्येक विद्यापीठ आपल्याला काय मोलाचे वाटते ते यातून दाखवते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात नोबेल मिळवलेल्या प्राध्यापकांसाठी राखीव जागा असते आणि तसे फलकही लावलेले असतात. तिथे विद्वत्तेचा मान असा ठेवला जातो.

आपल्याकडे राखीव जागेवर पहिला हक्क अपंग विद्यार्थ्याचा असायला हवा. त्याला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा आधार आहे. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद हवी. जास्तीची रुंदी चाकाची खुर्ची गाडीशेजारी उघडता यावी म्हणून असते. जादा चाके जोडलेली स्कूटर घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला इमारतीजवळ जागा मिळाली नाही, तर त्या दिवशी त्याचे कॉलेज फाटकातच संपते.

परवान्याचे दुसरे काम सुरक्षेचे. लातूरचे नाव अकरावी-बारावीच्या अभ्यासासाठी राज्यभर झाले. तिथल्या शिकवणीवर्गांच्या ट्यूशन एरियात आणि कनिष्ठ महाविद्यालयांत येणारी बहुतेक मुले १६-१७ वर्षांची असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे या वयात ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि तीही लायसन्स काढून. एरवी रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटी आणि मोटारसायकली याहून मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीमालकाला जबाबदार धरते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. कॉलेजने स्टिकर देताना लायसन्स, विमा आणि आरसी पाहिली, तर घरच्यांना ही गोष्ट पोलिसांकडून कळण्याआधी कॉलेजकडून कळेल.

तिसरा धागा उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा. मूल्यांकनाच्या सातव्या निकषात हरित परिसराचे जे उपक्रम विचारले जातात, त्यांत वाहनांच्या प्रवेशावर मर्यादा, सायकल आणि बॅटरीवरच्या गाड्यांचा वापर, पादचाऱ्यांसाठी वाटा या तीन बाबी आहेत. चांगली श्रेणी हवी असलेल्या संस्थेला त्यामुळे वाहने फाटकाशी थांबवावी लागतात. पण १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारखे आवार शहराबाहेर, विष्णुपुरीच्या विस्तीर्ण जागेत असते. तिथे गाडी बाहेर ठेवायला सांगितले, की विभागापर्यंतच्या अंतराची सोय संस्थेलाच करावी लागते. मर्यादा घालणाऱ्याने पर्याय द्यावा, एवढी साधी अपेक्षा यात आहे.

दंड

पार्किंगचा पैसा यंत्राने मोजण्याची कल्पनाच एका विद्यापीठात आकाराला आली. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या कृषी व यांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक थ्यूसेन आणि त्यांचे माजी विद्यार्थी जेराल्ड हेल यांनी पार्किंग मीटर घडवला. १६ जुलै १९३५ रोजी तो ओक्लाहोमा सिटीच्या रस्त्यावर उभा राहिला. आज आपल्या रस्त्यांवर दंडाचे काम पोलिसांच्या हातातले यंत्र करते. गाडीचा फोटो काढला, नंबर टाकला की वाहन नोंदणीतून मालक सापडतो आणि मोबाइलवर चालानाचा संदेश येतो. साध्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात हे वाढीव दर लागू आहेत.

कॉलेजच्या आवारात हा कायदा किती चालतो, याचे उत्तर सरळ नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिक जागा म्हणजे जिथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी जागा. सर्वांना खुला असलेला विद्यापीठाचा रस्ता आणि फाटकावर ओळखपत्र पाहून सोडले जाते ते आवार यांत त्यामुळे फरक पडू शकतो. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या कुंपणाआतले आवार ही सार्वजनिक जागा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवले. त्या प्रकरणाचा विषय वाहनकराचा होता, पण कुंपण आणि प्रवेशाचा हक्क यांना किती वजन आहे ते त्यातून दिसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याखालचा दंड तडजोडीने घेण्याचा अधिकार शासनाने अधिसूचनेने नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो. कॉलेजचा वॉचमन त्यांत नाही. संस्थेने आकारलेली रक्कम ही तिच्या शिस्तीच्या नियमांतली रक्कम असते. ती घेण्यासाठी नियम आधी लिहून जाहीर केलेला हवा, फलक दिसेल अशा जागी हवा आणि पैसे घेतल्याची पावती हवी. पावती न देता घेतलेले १०० रुपये आणि हवा सोडलेले चाक यांना शिस्त म्हणता येत नाही.

दाद

चूक दोन्हीकडून होऊ शकते. नंबरातला एक आकडा चुकतो. फलक झाडाच्या फांदीआड असतो. गाडी बिघडून जागीच बंद पडलेली असते. मैत्रीण चक्कर येऊन पडल्यामुळे कोणी घाईत गाडी दारातच लावलेली असते. म्हणून दंडाच्या प्रत्येक व्यवस्थेला उलट बोलण्याची एक जागा लागते.

कॅलिफोर्नियात ती जागा कायद्यानेच आखून दिली आहे आणि तिथल्या सरकारी विद्यापीठांची तिकिटेही तिच्यात येतात. तिकीट मिळाल्यापासून २१ दिवसांत विद्यार्थी फेरतपासणी मागू शकतो आणि त्यासाठी पैसे आधी भरावे लागत नाहीत. निर्णय विरोधात गेला तर पुढच्या २१ दिवसांत सुनावणी मागता येते. ती घेणारा माणूस तिकीट देणाऱ्यापासून स्वतंत्र असतो. या टप्प्यावर दंड आधी भरावा लागतो, पण ऐपत नसल्याचे दाखवणाऱ्याला त्यातून सूट मिळते. तरीही पटले नाही तर ३० दिवसांत न्यायालय. रक्कम छोटी असली तरी पायऱ्या तीन ठेवल्या आहेत.

आपल्या रस्त्यावरच्या ई-चालानालाही अशी वाट आहे, फक्त ती कमी लोकांना माहीत असते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाले. त्यांनुसार कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनाने टिपलेल्या नियमभंगाची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी आणि चालानासोबत फोटो, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले ते द्यायला हवे. अशी साधने बसवण्यासाठी त्या नियमांत देशातली १३२ शहरे नेमली आहेत. महाराष्ट्रातली १९ त्यांत आहेत आणि लातूर त्यांपैकी एक आहे. चालान मान्य नसेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवता येते.

थकलेली चालाने बरेच जण लोकअदालतीत नेतात. तिथे काय मिळते हे आधी समजून घ्यावे. लोकअदालत तडजोड करते. रक्कम कमी होऊ शकते, प्रकरण संपते आणि त्यावर अपील नसते. मात्र गाडी लावणारा निर्दोष होता की नाही, हे ती ठरवत नाही. ज्याला आपली चूकच नव्हती असे म्हणायचे आहे, त्याला न्यायालयात बाजू मांडावी लागते.

आता आवाराकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती सक्तीची केली. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर विद्यार्थ्याने १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करायचे आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाली काढायचे. लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, निवृत्त अनुभवी प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश नेमता येतात. या समितीपुढे मुख्यतः प्रवेश, शुल्क, परीक्षा, शिष्यवृत्ती, भेदभाव यांचे प्रश्न येतात आणि तिचा वेळ त्यांनाच द्यायला हवा. पार्किंगच्या दंडासाठी तिच्या खाली एक छोटी पायरी प्रत्येक कॉलेजला सहज बांधता येईल.

त्या पायरीला लागणारे सारे एका पानात बसते. पहिल्या चुकीला लेखी समज, दंड नाही. दंड केलाच तर गाडीचा फोटो, वेळ, जागा आणि नियमाचा क्रमांक असलेली पावती. सात दिवसांत साध्या कागदावर मराठीत अर्ज करण्याची मुभा. अर्जावर निर्णय दंड करणाऱ्याने देऊ नये. एक प्राध्यापक, एक कर्मचारी आणि एक विद्यार्थी यांनी तो द्यावा आणि कारण लिहून द्यावे. सत्र संपताना किती दंड झाले, किती माफ झाले आणि पैसे कशावर खर्च झाले, ते सूचना फलकावर लावावे. एकाच जागी वारंवार दंड होत असेल, तर तिथला फलक किंवा आखणी चुकली आहे हे संस्थेलाही त्यातूनच कळेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. लागते ती एका प्राचार्याची सही. १८ वर्षांच्या मुलाला अधिकारापुढे आपली बाजू लिहून मांडायची पहिली संधी मिळते ती बहुधा अशाच लहान प्रकरणात. तिथे कोणी अर्ज वाचला आणि कारण देऊन उत्तर दिले, तर हाच मुलगा पुढे पीकविम्यासाठी, वीजबिलासाठी, सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी नियम वाचून अर्ज करेल. तिथे त्याला ओळख शोधायला लावली, तर तो आयुष्यभर ओळखच शोधत फिरेल. म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी लातूर-नांदेडच्या प्रत्येक कॉलेजने माहितीपुस्तिकेत हे एक पान घालावे, आणि पालकांनी फी भरताना ते मागून घ्यावे.