समुद्र पाहायला चाललात? आधी पंचांग पाहा

कांदा बराखीत पडला, गावची यात्रा झाली, बैलगाड्यांचा धुरळा खाली बसला, की घरातली मुले एकच धोशा लावतात, "मामाकडे मुंबईला जायचं, समुद्र बघायचा!" आजी तोंडाने काही बोलत नाही, पण तिच्याही मनात ते असतेच. सारा जन्म रानात गेला. एकदा तरी तो अथांग दर्या डोळ्यांनी पाहावा, असे कुणाला वाटत नाही?

मुंबईचा किनारा आपल्या जुन्नर-आंबेगावला तसा परका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात असे. घाटमाथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही जागेवर आहे. आज आपला टोमॅटो नि कांदा वाशीच्या बाजारात उतरतो. डबे पोचविण्याच्या धंद्यात आपल्या भागातली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हा मुंबईत उतरायला घर आहे, वाट दाखवायला माणूस आहे. प्रश्न आहे तो एवढाच, की जायचे कोणत्या चौपाटीवर?

"कोणतीही चालेल, समुद्र काय सगळीकडे सारखाच," असे म्हणू नका. आपण रान पाहून पीक घेतो, तसे बरोबर कोण आहे ते पाहून किनारा निवडावा लागतो. आणि चुकले, तर इथे नुसता हंगाम जात नाही.

डोहातले पोहणे इथे कामाचे नाही

१ फेब्रुवारी २०१६ चा दिवस आठवा. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती. मुले-मुली हसत-खेळत पाण्यात उतरली आणि त्यांतली चौदा जण घरी परतली नाहीत. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता, म्हणजे उधाणाचे दिवसही नव्हते.

आपली पोरे कुकडीच्या डोहात, विहिरीत, येडगावच्या नाहीतर डिंभ्याच्या पाण्यात पोहायला शिकतात. त्यांना वाटते, आपल्याला पोहता येते. परंतु धरणाचे पाणी जागेवर असते, समुद्राचे पाणी सारखे येत-जात असते. लाट पुढे येते ती दिसते. ती मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते ते दिसत नाही. कुठे कुठे तर परतणारे पाणी एका पट्ट्यातून ओढ्यासारखे आत धावते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते! अशा ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे येण्यासाठी झगडतो, दमतो आणि बुडतो. खरे म्हणजे त्याने आधी किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावयास हवे. पण घाबरलेल्याला हे सुचत नाही. म्हणून आपला नियम सोपा ठेवा : घोट्याच्या वर पाणी नको, आणि लहान मुलाचा हात सोडायचा नाही.

भरती-ओहोटीचे गणित

भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे कळायला घरातले पंचांग नाहीतर भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. किनाऱ्यावरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत, तो हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. जुन्या शाळेत शिकलेल्या आजोबांना पाऊणकी पाठ असेलच. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी आणि मध्यरात्री. भरतीनंतर सहा-एक तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, पण अंदाज चुकत नाही. कारण भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी फार चढते नि तितक्याच जोराने उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे बेताची भरती असते. तेव्हा चौपाटीला जायचे तर अष्टमी ते दशमी हे दिवस बरे. त्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी हळूहळू किनाऱ्याकडे चढत असते, आणि त्याचा जोरही कमी असतो. पौर्णिमेला मात्र दुपारपासून संध्याकाळपर्यंत पाणी जोराने आत ओढत असते.

पण पुन्हा मुरुड आठवा. तिथीवरून वेळ कळते, पाण्यात उतरायची परवानगी मिळत नाही.

आता एकेक किनारा पाहू

बरोबर म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असतील, तर गिरगाव चौपाटी निवडा. कल्याणहून लोकलने दादरला यावे. तिथे पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी धीमी गाडी धरून चर्नी रोडला उतरावे. तिथून चौपाटी पायी पाच-दहा मिनिटांवर आहे. हे ध्यानात ठेवा, की शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. बस, टॅक्सी नाहीतर आपले पाय. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. तिथे त्यांचा पुतळा आहे, तो मुलांना अवश्य दाखवा. बसायला ऐसपैस वाळू, समोर मावळता सूर्य आणि अंधार पडला की मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ. आजीला आणखी काय हवे?

दादरची चौपाटी वाळूने अरुंद आहे. भरतीच्या वेळी तिथे बसायला फारशी जागा उरत नाही. पण तिथेच चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर डिसेंबर १९५६ मध्ये तिथे अंत्यसंस्कार झाले. दर्शनाला जाल, तेव्हा समुद्रही दिसेल. मात्र ६ डिसेंबरच्या आगेमागे तिथे देशभरातून अपार जनसागर लोटतो. त्या दिवसांत केवळ फिरण्यासाठी जाऊ नका.

पळणारी, खेळणारी मुले असतील, तर जुहू. विलेपार्ले किंवा अंधेरीला उतरून बस नाहीतर रिक्षाने जाता येते. किनारा लांबरुंद आहे. भेळ, पाणीपुरी, बर्फाचा गोळा यांची रेलचेल. पण सुट्टीच्या संध्याकाळी तिथे एवढी गर्दी असते, की मूल हरवायला क्षणही लागत नाही. मुलाच्या खिशात घरच्या माणसाचे नाव नि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पोहोचताच एक ठळक खूण ठरवा, आणि चुकामूक झाली तर तिथेच यायचे, हे सर्वांना बजावून ठेवा.

वर्सोव्याचा किनारा कोळीवाड्याला लागून आहे. काही वर्षांपूर्वी तिथे कचऱ्याचे ढीग साचले होते. २०१५ साली अफरोज शाह या तरुण वकिलाने स्वतः हातमोजे घालून कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो माणसे सामील झाली. २०१८ साली त्या वाळूत समुद्री कासवांची पिल्ले दिसली. गावच्या ओढ्याकाठी कचरा टाकणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

मालाडकडचे आक्सा दिसायला सर्वांत सुंदर, मोकळे. म्हणून तरुण पोरे तिकडेच ओढली जातात. नेमके तिथेच जपायला हवे. तिथली वाळू सरकती आहे, पाण्याखाली खड्डे पडतात, आणि काल जिथे गुडघाभर पाणी होते, तिथे आज पुरुषभर असू शकते. तिथे कितीतरी तरुण बुडाले आहेत. आक्साला गेलात, तर कोरड्या वाळूवर बसून पाहा. गोराई आणि मनोरी हे किनारे खाडीपलीकडे आहेत. होडीचा प्रवास मुलांना आवडतो. पण परतीच्या होडीची वेळ जातानाच विचारून ठेवा.

गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई या सहा ठिकाणी जीवरक्षक असतात. बसायची जागा त्यांच्या नजरेच्या टप्प्यात निवडा. त्यांनी शिट्टी मारली किंवा लाल बावटा दिसला, तर "जरा वेळ" म्हणून वाद घालू नका.

पावसाळ्यात समुद्र लांबूनच

आषाढ-श्रावणात शेतीची कामे असतात, तेव्हा आपण सहसा जात नाही, हे बरेच आहे. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळाने समुद्र खवळला होता. तेव्हा जुहूला पाण्यात गेलेली चार मुले बुडाली. पावसाळ्यात निळसर फुग्यासारखे विषारी जेलीफिशही किनाऱ्याला लागतात. पोरे खेळणे समजून हात लावतात. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी तर गिरगाव चौपाटीवर उथळ पाण्यात पाकट माशांनी पन्नासहून अधिक लोकांना दंश केला होता. असे काही झाले, तर चोळू नका, गावठी औषध लावू नका. जीवरक्षकाला सांगा आणि सरळ दवाखाना गाठा. एरवीही शहराचे नाले समुद्रालाच मिळतात, म्हणून ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका. पाय धुतल्यावरच मुलांना खाऊ द्या.

निघण्यापूर्वी

एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील माणसांना त्याआधीच मोफत प्रवास झाला आहे. त्यासाठी आधारकार्ड जवळ ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी चौपाटीवर गर्दी कमी असते; पण संध्याकाळी कल्याणकडच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. म्हातारी माणसे बरोबर असतील, तर त्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करून सकाळी निघणे शहाणपणाचे. घरून भाकरी, चटणी नि पाणी घ्या.

आणि कुणी बुडताना दिसलाच, तर आंधळेपणाने उडी घेऊ नका. वाचवायला गेलेलाच आधी बुडतो, असे नेहमी घडते. ओरडून जीवरक्षकाला बोलवा, ११२ नंबर फिरवा. दोर, धोतर, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका.

तेव्हा वाचकहो, पंचांग काढा, अष्टमी कधी आहे ते पाहा, आणि बरोबर कोण आहे ते मोजून किनारा ठरवा. आजीला वाळूवर बसवा, तिच्या पायांवरून एक लाट जाऊ द्या. तिच्या तोंडावरचे हसू पाहा. पुरे झाला समुद्र! निघालात तितकेच जण परत गावच्या वेशीत शिरलात, की सहल सुफळ झाली.