पेटीचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार

मुलगी पाचवी-सहावीत गेली की आपण तिला गाण्याच्या क्लासला घालतो. पेटी आणतो, परीक्षेचा फॉर्म भरतो आणि परीक्षेपुरत्या ‘बावीस श्रुती’ ती पाढ्यांसारख्या घोकते. पण मैत्रिणींनो, त्यातली एक तरी श्रुती तिच्या कानांवर कुणी घातली आहे का?

एवढी साधी गोष्ट लोकांपुढे मांडून दाखवावी, ही ओढ आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतले डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारा ताणून, लांबी मोजून श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० साली त्यावर पुस्तक काढलं. मोजायला गळा हवा, तो मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा! जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स यांनाही हाच नाद. या मंडळींनी १९११ च्या सुमारास ‘फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ काढली आणि विलायतेहून खास श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली, तेव्हा चांगलीच वादावादी झाली. भातखंड्यांना हा श्रुतींचा हिशेब मान्य नव्हता. (त्याच साली आपल्या अमळनेरात प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. काय दिवस होते पाहा!) वाद कुणी जिंकला हे मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. गाणं मोजून, भर सभेत वाजवून दाखवायचं, हे मात्र मोलाचं.

आता घरचा हिशेब बघा. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर कानाला स्वस्थ वाटणारा गंधार ३०० कंपनांचा. पेटीचा गंधार मात्र ३०२ च्याही किंचित वर असतो. कोणत्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, आणि त्या वाटणीत गंधार चढतो. पंचमाचं तसं नाही. ३६० च्या जागी ३५९.६, म्हणजे उन्नीस-बीसचाही फरक नाही. सोय हवी तर एवढी किंमत द्यावी लागते. ठरावीक पट्टीला गंधार उतरवून देणारे कारागीर आहेत, पण मग पट्टी बदलली की पेटी बेसूर.

तंबोरा जवळ घेऊन बसा. त्याला गंधाराची तार नसते, तरी नीट जुळला की गंधार ऐकू येतो! षड्जाच्या तारेतच दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनं मिसळलेली असतात. २४० ची पाचपट १२००, आणि तो ३०० च्या गंधाराचाच वरच्या सप्तकांतला भाऊ. हे स्वर उमलतात ते घोडीच्या पसरट पाठीमुळे आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे, म्हणजे जवारीमुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आणि त्याआधी तबला-मृदंगाच्या शाईवरही. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर हे कानानंच जाणत आले. त्यांच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. अशा वाद्यवृंदात आधी ओबो नावाचं वाद्य एक स्वर धरतं आणि बाकीचे त्याला जुळवून घेतात. व्हायोलिनवाला बोट सरकवून गंधार थोडा उतरवू शकतो, पियानोवाल्याला ते जमत नाही. म्हणजे अडचण तिथेही हीच.

मुंबई काही रोज जवळ करता येत नाही. पण आपल्या गावातल्या संगीतसभेत गाण्याआधी अर्धा तास हा प्रयोग करायला काय हरकत आहे? सोनोमीटर, म्हणजे तार ताणायची लाकडी पेटी, बारावीच्या प्रयोगशाळेत असतोच. कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना महिला मंडळानं चहाला बोलवावं, त्यांनी तार मोजावी, गाणाऱ्या बाईंनी स्वर लावावा. समोर मुली बसलेल्या असाव्यात. आखाजीच्या झोक्यावर आणि कानबाईपुढे वाद्याशिवाय गाणाऱ्या आपल्या खानदेशी आज्यांनाही बोलवा बरं का! त्यांचा गळा पेटीला बांधलेला नसतो. त्यांचा गंधार कुठे लागतो ते मोजायला मला तरी फार आवडेल.

तोवर घरी एवढं करा. पेटीवर षड्ज आणि गंधार एकत्र दाबून धरा आणि ऐका, आवाज हलका थरथरतो. मग पेटी मिटा. तंबोरा नसेल तर फोनवरचा लावा, पण आवाज बेताचा ठेवा. मुलीला नुसता षड्ज धरायला सांगा, पाच मिनिटं. मग गंधार. थरथर थांबून दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले की ती आपणच थबकेल. दिवेलागणीनंतरची वेळ बरी, आणि राग भूप किंवा यमन घ्यावा. दोन्हींत गंधारालाच मान असतो.