उल्हासनगर ते बदलापूर पायी : मार्ग कसा आखायचा?



आपल्या भागातल्या मुलांना विचारून बघा, "उल्हासनगरनंतर काय येतं?" लगेच उत्तर येईल, "अंबरनाथ, मग बदलापूर!" स्टेशनं तोंडपाठ असतात. पण "वालधुनी कुठून येते आणि कुठे जाते?" असं विचारलं की वर्ग गप्प. बरीच मुलं तर तिला नालाच समजतात. नदी, चढ, उतार खरे कळायचे तर चालायला हवं. आणि मुलांना घेऊन लांब चालायचं तर मार्ग आधी कागदावर आखायला हवा.

१) आधी पाणी, मग रस्ता

नकाशावर दोन नद्या निळ्या पेन्सिलीने गिरवा. उल्हास बोरघाटाकडच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूरमार्गे येते. वालधुनी मलंगगडाकडच्या डोंगरांतून अंबरनाथ, उल्हासनगर करत येते आणि कल्याणजवळ उल्हासलाच मिळते. आता मुलांना विचारा, या दोघी आधीच एक का झाल्या नाहीत? कारण मध्ये उंचवटा आहे. यालाच जलविभाजक म्हणतात. आपली वाट तो ओलांडणार आहे.

२) थांबे ठरवा

प्रत्येक थांब्यावर मुलांना करण्यासारखं काहीतरी हवं. उल्हासनगरमध्ये 'कॅम्प' हा शब्द कुठून आला ते सांगा. फाळणीनंतर इथल्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना ठेवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. शहराला नाव मिळालं ते उल्हास नदीचं. पुढे वालधुनीकाठी अंबरनाथचं शिवमंदिर. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे. त्यात ७८ मिळवायला सांगा; इ.स. १०६० मुलं स्वतःच काढतील. शेवटचा थांबा बदलापूरची उल्हास नदी, तीही सुरक्षित अंतरावरून.

३) रेल्वेचा रूळ लक्षात घ्या

रूळ आपल्या शहरांचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग करतो. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन जागा पायी लांब पडतात, कारण रूळ फक्त पुलावरूनच ओलांडायचा. म्हणून आधी पुलांवर खुणा करा आणि मग रस्ता जोडा. पण हाच रूळ मदतीलाही येतो. कुणी दमलं, कुणाचा पाय मुरगळला, तर जवळचं स्टेशन गाठून लोकलने परत येता येतं. प्रत्येक टप्प्यावर 'इथून परत कसं जायचं' हे लिहून ठेवा.

४) वेळेचं गणित

रुळाने उल्हासनगर ते अंबरनाथ सुमारे २ किमी आणि अंबरनाथ ते बदलापूर सुमारे ८ किमी. पायवाट वळणांची असते, त्यामुळे अंतर जास्तच भरतं. नकाशावर वाटेवरून दोरा फिरवा आणि प्रमाणपट्टीवर मोजा. समजा, १२ किमी आले. मुलांचा वेग तासाला ३ किमी धरला तर ४ तास लागतील. चढासाठी नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम आहे : दर ६०० मीटर चढाला १ तास जादा. एकूण चढ ६० मीटर असेल तर ६ मिनिटं. मुलांसाठी दुप्पट, म्हणजे १२. मंदिरात ४० मिनिटं, नाश्त्याला ३०, दर तासाला ५ मिनिटं विश्रांती म्हणजे २०. एकूण ५ तास ४२ मिनिटं! सकाळी साडेसहाला निघालो तरी सव्वाबारा वाजतातच. म्हणजे प्राथमिकच्या मुलांसाठी ही वाट दोन दिवसांत विभागायला हवी, हे घरी बसूनच कळलं.

५) ऋतू

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नदीकाठ नकोच. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. इथे पाऊस नसला तरी घाटात कोसळलेलं पाणी खाली येतंच.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं : मुलांना नेण्याआधी मोठ्यांनी त्याच वारी, त्याच वेळी ही वाट एकदा चालून बघावी. पाणी कुठे मिळतं, स्वच्छतागृह कुठे आहे, फुटपाथ कुठे संपतो, हे नकाशा सांगत नाही.

तर या आठवड्यात एक दोरा आणि एक नकाशा घ्या, आणि दोरा मुलांच्याच हातात द्या. मार्ग त्यांनी आखला की वालधुनीला नदी म्हणायला तीच शिकतील.