कान, डोळे, खांदा आणि ट्राउटचा गळ

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेस निघालेले ज्येष्ठ नागरिक माझ्या दवाखान्यात येतात ते बहुधा ठरावीक कामांसाठी: औषधांची चिठ्ठी, रक्तदाब व साखरेची तपासणी आणि विमानात पाय सुजू नयेत म्हणून सल्ला. ‘तेथे दिवसभर करायचे काय?’ हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नाही. परत आलेल्यांच्या बोलण्यात मात्र तोच पहिला असतो. तरुण मंडळी कामावर, नातवंडे शाळेत, गाडी चालवता येत नाही आणि रस्त्यावर चालणारे माणूस दिसत नाही. टीव्हीसमोरच्या अशा दुपारींतून भूक मंदावते, झोप बिघडते आणि गुडघे अधिकच आखडतात.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेस, फ्रीमॉन्ट आणि प्लेझंटनच्या परिसरात, मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील तळ्यांवर सकाळच्या उन्हात गळ टाकून बसलेले आजोबा आणि शेजारी नातवंड, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. हा छंद उतारवयास अतिशय मानवणारा आहे. फार चालावे लागत नाही, ताकद लागत नाही, मोकळी हवा मिळते आणि नातवंडाशी बोलायला विषय मिळतो. अट एकच: काठी, गळ व आमिष यांची निवड माशाइतकीच स्वतःच्या शरीराकडे पाहून करावी.

मासा आणि त्याचे पाणी

ट्राउट हा थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. साधारण १० ते १६ अंश सेल्सियसचे पाणी त्याला मानवते. २० अंशांच्या वर तो कासावीस होऊ लागतो. म्हणून आपल्या सपाटीवरच्या नद्यांत तो टिकत नाही. इंग्रजी अमदानीत तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला गेला. कॅलिफोर्नियात इंद्रधनुषी ट्राउट मूळचीच आहे. शिवाय मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेले मासे तळ्यांत सोडले जातात. फ्रीमॉन्टचे क्वॉरी लेक्स, प्लेझंटनचे शॅडो क्लिफ्स आणि लिव्हरमोरजवळचे लेक डेल व्हाये ही अशी तळी. पाणी थंड असते तो काळ, म्हणजे शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा, येथे ट्राउटचा हंगाम. उन्हाळ्यात मासा खोल जातो आणि काही तळ्यांत विषारी शेवाळही वाढते. अशा वेळी काठावरच्या सूचनाफलकांचे काटेकोर पालन करावे.

वय वर्षे १६ आणि त्यावरील प्रत्येकास राज्याचा मासेमारी परवाना लागतो, पाहुण्यांनाही. तो एक किंवा दोन दिवसांपुरताही मिळतो. वर उल्लेखिलेल्या तळ्यांवर त्याखेरीज तेथील उद्यान संस्थेचा दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. किती मासे घरी नेता येतात याची मर्यादा ठरलेली असते, ती आधी पाहून घ्यावी.

काठी, रीळ आणि दोरा

साडेसहा ते सात फुटांची हलक्या वजनाची काठी, तिच्याखाली लटकणारे लहान स्पिनिंग रीळ आणि ४ ते ६ पौंड ताण सोसणारा नायलॉनचा दोरा, ज्याला आपल्या कोकणात तंगूस म्हणतात, एवढे ट्राउटला पुरते. दोरा जाड असेल तर स्वच्छ पाण्यात तो माशाला दिसतो. संधिवाताच्या बोटांनी काठीची मूठ जाडसर घ्यावी. बारीक मुठीला आवळून धरावे लागते आणि अंगठ्याचा सांधा दुखू लागतो. रिळाची मूठ बहुतेक वेळा डावीकडून उजवीकडे बदलता येते. ज्या हाताला कंप आहे किंवा पक्षाघाताची कमजोरी आहे, त्याच्याकडे मूठ नसावी.

आता प्रत्यक्ष मांडणी. काठावरून ट्राउट धरण्याच्या तीन पद्धती सर्वाधिक प्रचलित आहेत. माझ्या मते पहिली कानांची, दुसरी डोळ्यांची आणि तिसरी खांद्याची आहे. आपला कोणता अवयव शाबूत आहे ते पाहून पद्धत निवडावी.

पहिली: तळाचा गळ, चांगल्या कानांसाठी

दोऱ्यात प्रथम ७ ते १४ ग्रॅमचे, मधून आरपार भोक असलेले अंडाकृती वजन ओवतात. त्याखाली एक मणी आणि मग स्विव्हल ही फिरती कडी बांधतात. कडीच्या दुसऱ्या टोकाला दीड ते दोन फुटांचा अधिक बारीक दोरा आणि त्याच्या शेवटी लहान गळ. या गळावर पॉवरबेटसारखे तयार आमिषाचे पीठ हरभऱ्याएवढी गोळी करून लावतात. गळ पूर्ण झाकला गेला पाहिजे.

या पिठाचे वैशिष्ट्य असे की ते पाण्यात तरंगते. वजन तळाशी बसते आणि गोळी तळापासून दीड-दोन फूट वर, शेवाळाच्या वर, माशाच्या नजरेच्या पट्ट्यात राहते. मासा ती तोंडात घेऊन निघतो तेव्हा दोरा वजनाच्या भोकातून सरकतो. माशाला वजनाचा ओढा जाणवत नाही व तो आमिष थुंकून देत नाही. टाकण्यापूर्वी काठाजवळच्या उथळ पाण्यात गोळी तरंगते की नाही ते पाहून घ्यावे. ती बुडत असेल तर पीठ थोडे वाढवावे किंवा गळ आणखी लहान घ्यावा.

एकदा गळ टाकला की काठी जमिनीत रोवलेल्या आधारावर ठेवून बसता येते. हातांना विश्रांती मिळते. काठीच्या टोकाला छोटी घंटा लावतात. मासा लागला की ती किणकिणते. मोतीबिंदू किंवा नेत्रपटलाच्या आजाराने नजर अधू झालेल्यांना ही मांडणी उत्तम. मात्र वयाबरोबर उंच पट्टीचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात आणि लहान घंटेचा स्वर नेमका त्याच पट्टीचा असतो. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते लावूनच बसा. तरीही ऐकू येत नसेल तर पुढची पद्धत घ्या.

दुसरी: तरंगते बूच, चांगल्या डोळ्यांसाठी

येथे दोऱ्यावर लाल-पांढरे बूच असते. त्याखाली तीन ते सहा फुटांवर गळ आणि गळाच्या फूटभर वर मोहरीहून थोडे मोठे एक-दोन वजनाचे दाणे चिमटलेले. आमिष म्हणजे अर्धे गांडूळ. बूच थरथरले की मासा चाखतो आहे, ते पाण्याखाली गेले की काठी हळूच वर उचलावी. दोऱ्यावर घट्ट बसणारे बूच काठीच्या लांबीपेक्षा कमी खोलीसाठी ठीक. अधिक खोल पाण्यासाठी दोऱ्यावर सरकणारे बूच व त्याला अडवणारी छोटी गाठ वापरतात. गाठ सरकवली की खोली बदलते.

नातवंडांनाही हीच पद्धत आवडते, कारण पाहण्यासारखे काहीतरी समोर असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासही भडक बूच पाहत बसणे रुचू शकते. अशा वेळी गळ व आमिष मात्र सोबत्याने हाताळावे. पाण्यावरची चमक डोळ्यांना थकवते, त्यामुळे पोलराइज्ड काचांचा चष्मा घालावा. तो समोरून येणाऱ्या चुकलेल्या गळापासूनही डोळा वाचवतो.

तिसरी: फिरकी, चांगल्या खांद्यासाठी

स्पिनर ही धातूच्या फिरत्या पात्याची कृत्रिम चकाकती आमिषे. ट्राउटसाठी २ ते ४ ग्रॅमची पुरतात. ती टाकून मंद, एकसारख्या गतीने ओढून घ्यायची, पुन्हा टाकायची. तासाभरात हे पन्नास-साठ वेळा होते. खांदा आखडलेला असेल किंवा खांद्याच्या स्नायूची जुनी दुखापत असेल तर हा मार्ग टाळावा. नुकताच पेसमेकर बसवला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांनी हात मोकळा वापरण्याची परवानगी देईपर्यंत थांबावे. ज्यांना हे जमते त्यांनीही पंधरा मिनिटांनी बसावे. टाकताना हात डोक्यावरून फिरवण्याऐवजी कोपर अंगाजवळ ठेवून मनगटाने टाकावे. अंतर थोडे कमी पडते, खांदा वाचतो. मागे कोणी उभे नाही आणि वर विजेच्या तारा नाहीत, हे प्रत्येक वेळी पाहावे. ग्राफाइटच्या काठीतून वीज वाहते.

बोटे, गाठी आणि गळ

गळांचे आकडे उलटे चालतात: आकडा मोठा, तर गळ लहान. आमिषाच्या पिठासाठी दुकानदार बहुधा १६ किंवा १८ क्रमांकाचा तीन टोकांचा गळ देतो. हाताला कंप असणाऱ्यांनी, बोटे बधिर झालेल्या मधुमेहींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तो न घेता १० किंवा १२ क्रमांकाचा एक टोकाचा गळ घ्यावा. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. वापरण्यापूर्वी तो पकडीने दाबून सपाट करावा. असा गळ माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या बोटातूनही सहज निघतो.

बारीक गाठी बांधण्याचा हट्ट नको. पुढचा दोरा आधीच बांधलेले गळ पाकिटात मिळतात. मुलाने किंवा सुनेने आदल्या रात्री दिव्याखाली पाच-सहा तयार करून ठेवले, तर तळ्यावर फक्त कडीत अडकवायचे उरते. दोरा दातांनी तोडू नये, नखे कापण्याचे यंत्र गळ्यात अडकवावे. वजनाचे दाणे दातांनी चिमटणे तर कटाक्षाने टाळावे. ते शिशाचे असू शकतात आणि शिसे विषारी आहे. कथिलाचे किंवा टंगस्टनचे दाणे मिळतात. डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

गळ बोटात रुतलाच तर घाबरू नये. काटा सपाट केलेला असेल तर ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने मागे घ्यावा, जखम साबण-पाण्याने धुवावी आणि कापडाने १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरावी. काटेरी गळ खोल रुतला असेल तर ओढू नये. दोरा कापून जवळच्या अर्जंट केअर केंद्रात जावे. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ रुतलेल्या गळाला हात लावू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी पेल्याचे आवरण धरावे व ९११ क्रमांक फिरवावा. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षे उलटली असतील तर ती प्रवासापूर्वीच घ्यावी. मळकट जखम झाल्यास पाच वर्षांनंतरही वर्धक मात्रा लागते.

काठ हीच खरी कसोटी

बोटातला गळ बरा होतो. काठावर घसरून मोडलेले खुब्याचे हाड आयुष्य बदलून टाकते. म्हणून जागा निवडताना मासा कोठे आहे यापेक्षा पाय कोठे टेकणार हे आधी पाहावे. कठडा असलेला धक्का किंवा सपाट, कोरडा काठ निवडावा. ओले दगड आणि उतार वर्ज्य. प्रोग्रेसिव्ह किंवा द्विनाभीय चष्म्यातून पायाखालची जमीन धूसर दिसते. उतरताना मान वाकवून पाहावे, हाती काठी असावी. मधुमेहींनी बंद बूट घालावेत, सपाता नकोत.

खुर्ची हाही साहित्याचाच भाग माना. घडीची खोलगट कापडी खुर्ची स्वस्त असते, पण तीत गुडघे कंबरेच्या वर जातात आणि उठताना तोल जातो. ताठ बैठकीची, हात असलेली खुर्ची घ्यावी आणि ती पाण्यापासून निदान सहा-सात फूट मागे ठेवावी. घंटा वाजली की माणूस ताडकन उठतो. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असतील तर त्याच क्षणी चक्कर येते. म्हणून क्रम ठरवून घ्यावा: आधी पावले हलवायची, मग उठायचे, दहा अंक मोजायचे, मग काठी हातात घ्यायची. ट्राउट तेवढ्यात पळाली तर पळू द्यावी. मासा काठाशी आल्यावर वाकू नये. लांब दांड्याचे जाळे सोबत्याने धरावे. थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वास धाप लागल्यासारखा आत ओढला जातो आणि पाणी फुप्फुसात जाते, पोहता येणाऱ्याचेही. धक्क्यावर हलके जीवरक्षक जाकीट घालण्यात कमीपणा मानू नये.

सकाळचे दोन तास पुरेत. मासाही तेव्हा चपळ असतो. लघवीची गोळी चालू असलेली मंडळी बाहेर जाताना पाणी पिणे टाळतात. तसे करू नये, स्वच्छतागृहाजवळची जागा निवडावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हायड्रोक्लोरोथायझाइड, अमिओडॅरोन, डॉक्सीसायक्लिन या औषधांनी त्वचा उन्हात लवकर भाजते. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. गवतातून आल्यावर गोचीड चिकटली आहे का ते घरी पाहावे, काही गोचिडींमुळे लाइम हा आजार होतो.

ताटातला मासा

नेण्यासाठी ठेवलेला मासा लगेच साफ करून बर्फात ठेवावा. त्यात हृदयास हितकर ओमेगा-३ स्निग्धाम्ले असतात. तो पूर्ण शिजवूनच खावा. गोड्या पाण्यातला कच्चा मासा पट्टकृमीचे कारण ठरू शकतो. कवळी असणाऱ्यांना टाळूवर बारीक काटा जाणवत नाही, त्यामुळे मांस बोटांनी चाचपून मगच घास घ्यावा. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी तुकडा लहान ठेवावा. मासा परत सोडायचा असेल आणि त्याने गळ खोल गिळला असेल, तर गळ उपसू नये; दोरा तोंडाशी कापून सोडावा.

घरच्या मंडळींना एकच विनंती. आईवडिलांना तळ्यावर सोडून ‘दोन तासांनी घ्यायला येतो’ असे म्हणू नका. काठावर दुसरे शहाणे माणूस हवेच. शनिवारची एक सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. एकही मासा न लागता घरी आलात तरी त्या दिवशी दोघांना भूक चांगली लागेल आणि रात्री झोपही लागेल. या दोन्हींसाठी मला औषध लिहून द्यावे लागले नाही, तर आनंदच आहे.